गावासोबत नोंदणीही हलवा
आरोग्यसेवेतल्या नोकऱ्या : लेखांक ६

मागच्या आठवड्यात परिचारिकांच्या नोकऱ्यांबद्दल लिहिलं. आज पॅरामेडिकचा विषय, आणि त्यातही लग्नामुळे किंवा घरच्या कारणाने मुलूख बदलावा लागलेल्या पॅरामेडिकचा.

उदाहरणाला शेंदूरजनाघाट घेऊ. वरुड तालुक्यातलं, संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकांसाठी नावाजलेलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. पलीकडे लागलीच मध्य प्रदेश. सोयरिकी मुलताई, बैतूल, पांढुर्ण्यापर्यंत जुळतात. समजा, तिकडे पॅरामेडिकलचा डिप्लोमा करून १०८ च्या रुग्णवाहिकेवर काम केलेली एखादी मुलगी लग्न होऊन इकडे आली. तिला साहजिकच वाटतं की १०८ इकडेही आहे, तर अनुभव दाखवला की काम मिळेल.

इथेच घोटाळा होतो. देशात १०८ ची सुरुवात २००५ साली हैदराबादेत झाली आणि पुढे बहुतेक राज्यांनी गाडीत मागे, रुग्णाजवळ, प्रशिक्षित तंत्रज्ञ बसवला. मध्य प्रदेशातही तीच पद्धत. महाराष्ट्राची सेवा २६ जानेवारी २०१४ ला ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यात २३३ गाड्या प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ मूलभूत सोयींच्या. आपण मात्र त्या जागेवर डॉक्टर नेमला, बहुतेक आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानी शाखेचा. सोबतीला चालक, ज्याला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. म्हणजे पलीकडे जे काम तिचं होतं, त्याच कामाला इकडे डॉक्टरची पदवी लागते. माझ्या मते डॉक्टर ठेवण्यात गैर काही नाही, पण रस्त्यावर तयार झालेला तंत्रज्ञ त्याच्या जोडीला असता तर दोघांचंही काम सुकर झालं असतं.

मग काम शोधायचं कुठे? पहिली जागा म्हणजे मोठ्या रुग्णालयांचा अपघात विभाग, ज्याला सगळे ‘कॅज्युअल्टी’च म्हणतात. अकोला आणि यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आधीपासून आहेत. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा आणि वाशीमचीही सुरू झाली. अशा ठिकाणची कंत्राटी भरती अनेकदा बाह्य एजन्सीमार्फत होते, तेव्हा जाहिरातीत ‘पॅरामेडिक’ हा शब्द शोधत बसू नका. ‘इमर्जन्सी टेक्निशियन’, ‘ओटी असिस्टंट’, ‘ड्रेसर’ या नावांखालीही आपल्या शिक्षणाला साजेसं काम असू शकतं. अटी वाचल्याशिवाय जाहिरात बाजूला ठेवू नये.

दुसरी जागा फारशी कुणाला सुचत नाही, ती म्हणजे कारखाने. कायद्याप्रमाणे पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात ‘अ‍ॅम्ब्युलन्स रूम’, म्हणजे उपचारांची खोली, आणि तिथे ठरावीक पात्रतेची माणसं ठेवावीच लागतात. अमरावतीजवळ नांदगावपेठच्या एमआयडीसीत कापडाचे मोठे उद्योग आहेत. तिथे चौकशी करताना थेट ‘ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर’ विचारा. खासगी कार्डिअ‍ॅक रुग्णवाहिका हा तिसरा मार्ग. पैसे कमी आणि वेळेचा भरवसा नाही, पण हात चालू राहतो.

आता कागदपत्रं. जास्तीत जास्त माणसं इथेच अडकतात. मध्य प्रदेशात सहचिकित्सीय परिषद भोपाळला आहे, महाराष्ट्राची पॅरामेडिकल परिषद वेगळी. एकीकडची नोंदणी दुसरीकडे आपोआप चालत नाही. ब्रिटनमध्ये पॅरामेडिकची एकच नोंदणी सगळ्या देशाला पुरते. आपल्याकडे तशी सोय व्हावी म्हणून २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन तंत्रज्ञाचं नाव आहे, आणि पदविकेसाठी किमान २,००० तासांच्या शिक्षणाची अट आहे. पण राज्यांनी परिषदा नेमायला इतका वेळ लावला की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र देऊन ‘पॅरामेडिक’ म्हणवणाऱ्या संस्थांकडे फी भरण्याआधी ही तासांची अट त्यांच्यापुढे ठेवा.

लग्न झालेल्या मुलींची वेगळीच अडचण असते. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, अनुभवाच्या दाखल्यावर तिसरंच काही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि गरज पडल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद आधी करून घ्या. सरकारी जागांना अधिवासाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात त्याला साधारण पंधरा वर्षांचं वास्तव्य धरतात, त्यामुळे नव्याने आलेल्याने आपल्या बाबतीत काय लागू पडतं ते सेतू केंद्रात आधीच विचारावं. आयुष्य सोपं करणारं आणखी एक कार्ड म्हणजे बीएलएस आणि एसीएलएसचं, म्हणजे प्राथमिक आणि प्रगत जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं. त्याची मुदत दोन वर्षं असते आणि ती संपलेली असली की मुलाखतीत पहिला प्रश्न त्याचाच येतो.

मुलूख बदलला की रुग्णही बदलतात, हे लक्षात ठेवा. पुण्या-मुंबईहून आलेल्याने अपघात आणि हृदयविकार भरपूर पाहिलेले असतात. वऱ्हाडात फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कपडे काढून अंग धुवायचं काम पहिल्या पाच मिनिटांतलं, आणि ते हातमोजे घालूनच करायचं, नाहीतर विष आपल्यालाही लागतं. पावसाळ्यात साप. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश दिसतही नाही, दुखतही नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊन श्वास बंद पडू लागतो. वरुडहून मोठ्या रुग्णालयात जायचं तर अमरावती काय नि नागपूर काय, रस्त्याने दीड-दोन तास. तेवढा वेळ श्वास देणारी अंबू बॅग दर सहा सेकंदांनी एकदा दाबत राहणारा हात हवा. असे हात कागदाअभावी घरी बसलेले असतील, तर नुकसान या तालुक्याचं आहे.

मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, काम मिळत असेल तर टाळू नका. बैतूलकडून आलेल्यांना कोरकू भाषा कानावरून गेलेली असते, आणि तिथे ते मोठं भांडवल आहे.

गाव बदलायचं ठरलं असेल, तर निघण्याआधी मूळ परिषदेकडून नोंदणीची खातरजमा आणि ना-हरकत पत्र हातात घ्या. अनुभवाच्या दाखल्यावर गाडीचा प्रकार आणि कामाचा कालावधी लिहून घ्या. नुसतं ‘काम समाधानकारक’ एवढ्यावर कुणी नेमत नाही. सामान हलवल्यावर भोपाळच्या खेपा घालायला ना वेळ मिळतो, ना पैसा पुरतो.

पुढच्या लेखांकात एक्स-रे तंत्रज्ञांबद्दल.