आडवा वारा

पावसाळ्याच्या आरंभी जिंतूरहून परभणीकडे सायकलवर निघालेल्या माणसाला एक अनुभव येतो. रस्ता दक्षिणेकडे जातो आणि वारा पश्चिमेकडून वाहतो. हा वारा त्याला समोरून अडवीत नाही, की पाठीमागून ढकलीत नाही. तो उजव्या कुशीवर आदळतो व सायकल डावीकडे रेटतो. स्वार नकळत उजवीकडे कलतो आणि तोल सावरतो. इतक्यात उजव्या बाजूने एखादी मालमोटार पुढे गेली, की तिच्या आडोशाने वारा क्षणभर थांबतो. तेव्हा तोच कललेला स्वार एकदम मोटारीच्या बाजूला झुकतो. आडव्या वाऱ्याचा खरा धोका हा असा असतो. लहान विमानाच्या वैमानिकालाही धावपट्टीवर याच वाऱ्याशी गाठ घालावी लागते.

विमान उडते ते पंखांवरून वेगाने वाहणाऱ्या हवेच्या बळावर. चार माणसांचे लहान विमान उचलले जाण्यास ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाची हवा पंखांना मिळावी लागते. समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा येत असेल, तर विमानाने जमिनीवर 70 किलोमीटरचा वेग गाठला तरी पुरते. म्हणून वैमानिक शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊनच उड्डाण करतात आणि धावपट्ट्याही नेहमीच्या वाऱ्यांच्या रोखाने बांधल्या जातात. नांदेडच्या धावपट्टीच्या दोन टोकांवर 10 आणि 28 हे आकडे आहेत. त्यांपुढे शून्य मांडले, की होकायंत्राचे अंश मिळतात. 100 अंश म्हणजे जवळजवळ पूर्व आणि 280 अंश म्हणजे जवळजवळ पश्चिम. मुंबईची मुख्य धावपट्टीही अशीच पूर्व-पश्चिम आहे.

तथापि वारा कोणाच्या आज्ञेत नसतो. तो कधी तिरपा वाहतो, तर कधी धावपट्टीला अगदी काटकोनात येतो. ताशी 30 किलोमीटरचा वारा धावपट्टीशी 30 अंशांचा कोन करीत असेल, तर त्याचा आडवा जोर 15 किलोमीटरचा असतो. तोच वारा काटकोनात आला, तर त्याचा सर्व जोर आडवा लागतो.

असा वारा विमानाच्या उभ्या शेपटीवर आदळतो. शेपटी बाजूला ढकलली जाते आणि विमानाचे नाक वाऱ्याकडे वळू लागते. शिवाय वाऱ्याकडील पंख उचलला जाऊ लागतो. हे वेळीच आवरले नाही, तर दुसऱ्या पंखाचे टोक जमिनीला घासते किंवा विमान धावपट्टी सोडून बाजूला धावत जाते. म्हणून वैमानिक पायांनी शेपटीचे सुकाणू वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला दाबतो व विमान सरळ ठेवतो. त्याच वेळी तो पंखांच्या मागील झडपा हातांनी अशा वळवतो, की वाऱ्याकडील पंख खाली दाबला जावा. आरंभी वेग थोडा असतो, तेव्हा झडपा पूर्ण वळवाव्या लागतात. वेग वाढेल तसा त्यांचा परिणाम वाढतो, म्हणून त्या हळूहळू सैल कराव्या लागतात.

सर्वांत नाजूक क्षण असतो तो जमीन सोडण्याचा. पुरेसा वेग येण्यापूर्वीच विमान उचलले गेले, तर ते वाऱ्याबरोबर बाजूला सरकते आणि पुन्हा खाली टेकते. त्या वेळी चाके तिरपी आदळतात. म्हणून चाके नेहमीपेक्षा किंचित अधिक वेळ जमिनीवर राखून मगच विमान निश्चयाने उचलावे लागते. आकाशात गेल्यावर वैमानिक विमानाचे नाक थोडे वाऱ्याकडे वळवतो. गोदावरीचा नावाडी समोरचा घाट गाठण्यासाठी नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, तसेच हे आहे.

मोठी विमानेही या नियमातून सुटलेली नाहीत. 20 डिसेंबर 2008 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे एक प्रवासी विमान उत्तरेकडे धावत होते. डाव्या बाजूने वाऱ्याचे जोरदार झोत येत होते. वैमानिक उजवे सुकाणू दाबून होता. परंतु एका झोताच्या वेळी तो दाब सुटला आणि काही क्षणांतच विमान डावीकडे धावपट्टीबाहेर गेले. विमानाने पेट घेतला. अनेकांना दुखापती झाल्या. पण विमानातील सर्व 115 जणांचे प्राण वाचले. वाऱ्याच्या झोतांची उपलब्ध असलेली सर्व माहिती वैमानिकांपर्यंत पोहोचली नव्हती, हेही चौकशीत आढळले.

म्हणूनच गोंदिया, बारामती, शिरपूर येथे विमानविद्या शिकणारे उमेदवार धावपट्टीवर जाण्यापूर्वी तेथील कापडी वातदर्शकाकडे पाहण्यास शिकतात. तो कोणत्या दिशेला फुगला आहे आणि किती ताठ झाला आहे, यावरून वाऱ्याचा रोख व जोर कळतो. सेसना 172 या लहान विमानाची चाचणी ताशी सुमारे 28 किलोमीटर आडव्या वाऱ्यात झालेली आहे. वारा त्याहून प्रबळ असेल, तर शहाणा वैमानिक विमान उभेच ठेवतो. धावताना विमान आवरत नाही असे दिसले आणि थांबण्यास जागा उरली असेल, तर तो वेळीच यंत्राचा जोर कमी करून थांबतो.

वावटळ येताना पाहून सायकलवरून खाली उतरणाऱ्या माणसाला कोणी भित्रा म्हणत नाही. वाऱ्याचे बळ ओळखून थांबणे, हेही वैमानिकाचे कौशल्यच होय.