तरुणांची सरकलेली गादी: ऑपरेशन कोणते आणि कधी?



जाळे ओढणे, बर्फाचे क्रेट उचलणे, हलत्या बोटीवर तासन् तास वाकून मासळी निवडणे, यात पंचविशी-तिशीतल्या पोरांचीही कंबर धरते. एमआरआय काढला की "गादी सरकली, ऑपरेशन करा" असे कानावर येते आणि घरच्यांचे धाबे दणाणते. म्हणून ही माहिती देत आहोत.

नेमके होते काय?
दोन मणक्यांमध्ये चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. बाहेरून चिवट, आत मऊ गर. कवच फाटले की गर बाहेर येऊन पायाकडे जाणारी नस दाबतो. बहुतेक वेळा हे कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत होते. म्हणून कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत जाते. हीच सायटिका.

लगेच ऑपरेशन हवे का?
बहुतेकांचे दुखणे औषध, हालचाल आणि व्यायामाने ६ ते १२ आठवड्यांत कमी होते. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच जिरवते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी १० पैकी सुमारे ४ जणांना पुढे ऑपरेशन करावेच लागले.

ऑपरेशनचे प्रकार
१) मायक्रोडिस्केक्टॉमी: साधारण इंचभर छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकातून बघत नस दाबणारा तुकडा काढतात. पूर्ण गादी काढत नाहीत. सर्वांत रुळलेली पद्धत हीच.

२) दुर्बिणीचे (एन्डोस्कोपिक): छेद आणखी लहान. नेदरलँड्समधल्याच २०२२ च्या अभ्यासात पायाचे दुखणे कमी करण्यात हे पहिल्यापेक्षा मागे पडले नाही. पण सर्जनचा हात यात बसलेला हवा.

३) स्क्रू-रॉड (फ्यूजन): दोन मणके कायमचे जोडतात. मणका अस्थिर असेल तर हे लागते. तरुणाची गादी पहिल्यांदाच सरकली असेल तर सहसा गरज नसते. जोडलेला भाग वाकत नाही, शेजारच्या गादीवर ताण येतो.

४) कृत्रिम गादी: झिजलेल्या गादीच्या कंबरदुखीसाठी, निवडक रुग्णांनाच. नुसती नस दबली असेल तर सहसा नाही.

थोडक्यात, पायात कळ असलेल्या तरुणाला बहुधा पहिल्या दोनपैकी एक पुरते. स्क्रू सुचवले तर "का?" हे नक्की विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरचेही मत घ्या. गोव्यातल्या सभासदांना बांबोळीच्या गोमेकॉत ते घेता येते. दीन दयाळ योजनेचे कार्ड असेल तर कोणते ऑपरेशन त्यात बसते, हेही आधीच विचारून ठेवा.

ऑपरेशननंतर
तुकडा काढल्यावरही १०० पैकी ५ ते १५ जणांची गादी पुन्हा सरकते. म्हणून जड कामाला परतायला डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे द्यावेतच. दुखणे सोसण्यासारखे असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सोयीची, पण तारीख जूनच्या सुरुवातीची घ्या. बोटमालकांनी १ ऑगस्टलाच त्या खलाशाला जाळ्यावर उभे करू नये. काही दिवस हलके काम द्यावे.

हे मात्र थांबण्यासारखे नाही
लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसायची जागा बधिर होणे, पाऊल उचलताना लोंबू लागणे: यापैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात न्या. उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते. बोट समुद्रात असेल तर तांडेलांनी ती माघारी वळवावी. मासळी उद्याही मिळेल.

ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून आहे. आपल्या बोटीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवा.