प्रमाणपत्रांची फाईल आणि कॉलेजचा दरवाजा

दहावी-बारावीतले मूल घरात असले की सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. एक काका सांगतात, “खेळ, चित्रकला सगळं बंद कर, नुसता अभ्यास कर.” दुसरे सांगतात, “आता मार्कांना कोण विचारतं? सर्टिफिकेटं गोळा कर.” अब्बा-अम्मी गोंधळतात. खरे पाहता कोणत्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा आहे, त्यावर याचे उत्तर ठरते.

दहावीच्या निकालात

महाराष्ट्रात अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि इथे छंद थेट उपयोगी पडतो. शासनाची इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात: ए श्रेणीला 7, बी श्रेणीला 5 आणि सी श्रेणीला 3. पाचशेपैकी 7 गुण म्हणजे 1.4 टक्के. नावाजलेल्या कॉलेजांची यादी टक्क्याच्या अंशावर अडते, तिथे हा फरक मोठा आहे. शासनमान्य क्रीडास्पर्धांतील कामगिरीलाही पातळीनुसार वाढीव गुण आहेत.

मात्र हे गुण आपोआप मिळत नाहीत. शाळेने प्रस्ताव मुदतीत पाठवावा लागतो. प्रमाणपत्र कपाटात राहिले आणि तारीख निघून गेली, तर मुलाची मेहनत वाया जाते. म्हणून दहावीचे वर्ष सुरू होताच पालकांनी वर्गशिक्षकांना किंवा क्रीडाशिक्षकांना भेटून चौकशी करावी.

बारावीनंतर

पुढचे चित्र वेगळे आहे. नीट, जेईई, एमएचटी-सीईटी, क्लॅट या परीक्षांत वक्तृत्वाच्या ढालीला एकही गुण नाही. तेव्हा खासगी संस्थांच्या पैसे भरून दिलेल्या परीक्षांची आणि चकचकीत पदकांची फाईल जाड करण्यात अर्थ नाही. तोच पैसा पुस्तकांवर खर्च करावा.

काही ठिकाणी मात्र खऱ्या कौशल्याला स्वतंत्र वाट आहे. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि इतर कलागुणांसाठी वेगळ्या जागा असतात. तिथे सीयूईटी द्यावीच लागते, पण प्रत्यक्ष चाचणी आणि प्रमाणपत्रे यांनाही वजन असते. वादविवाद, प्रश्नमंजूषा, संगीत, नाट्य, एनसीसी हे सारे त्यात येते. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून खेळाडूंसाठी आणि 2025-26 पासून कलावंतांसाठी जागा ठेवल्या आहेत. त्यासाठीही जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण हवी. म्हणजे अभ्यास इथेही सुटत नाही.

एनडीएमध्ये लेखी परीक्षेला 900 गुण आणि एसएसबी मुलाखतीलाही 900 गुण आहेत. ती मुलाखत अनेक दिवस चालते. गटात काम करणे, धीटपणे बोलणे, पुढाकार घेणे हे तिथे पाहिले जाते. मैदानावर वाढलेल्या मुलाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. 2021 पासून मुलींनाही ही परीक्षा देता येते.

परदेशी विद्यापीठांत

अमेरिकेत पदवीला प्रवेश देताना अनेक विद्यापीठे गुणांबरोबर विद्यार्थ्याचे शाळेबाहेरचे आयुष्यही पाहतात. तिथल्या ‘कॉमन अ‍ॅप’ या सामायिक अर्जात जास्तीत जास्त 10 उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरांची मर्यादा असते. दहा रकाने भरलेच पाहिजेत असे नाही. दोन-तीन कामे वर्षानुवर्षे केलेली असतील तर ती जास्त बोलतात.

आपल्या घरांसाठी यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. त्या अर्जात नोकरी आणि घरच्या जबाबदाऱ्या यांनाही जागा आहे. शाळा सुटल्यावर अब्बांच्या दुकानाचा हिशेब सांभाळणारा मुलगा, अम्मी कामावर असताना धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणारी मुलगी, यांनी आपल्याकडे ‘काहीच नाही’ असे समजू नये. ते काम किती वर्षे, आठवड्यातून किती तास केले, हे खरेखुरे लिहावे. खोटे मात्र एक अक्षरही लिहू नये.

घरी काय करावे?

आठवीतच मुलाला किंवा मुलीला एक आवड निवडू द्यावी आणि ती टिकू द्यावी. मुलगी मोठी झाली म्हणून तिची चित्रकला किंवा कबड्डी थांबवण्याआधी विचार करावा. दहावीचे वाढीव गुण मुलांइतकेच तिच्याही हक्काचे आहेत. मूळ प्रमाणपत्रे एका फाईलमध्ये ठेवावीत, त्यांच्यावरचे नाव शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते तपासावे. अन्सारी, शेख, मुजावर यांच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही ऐनवेळी धावपळ करायला लावतो. नियम बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे.

आणि ज्या छंदाला कुठेच गुण नाहीत, तोही जपू द्यावा. दिवसभर पुस्तकात डोके घालून बसलेल्या मुलाला संध्याकाळचा तासभर खेळ मिळाला, तर तो रात्री पुन्हा ताज्या मनाने अभ्यासाला बसतो.