तिळाएवढ्या भुंगेऱ्याला नाव मिळतं तेव्हा

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून ‘ट्रिगोनॉप्टेरस’ कुळातल्या भुंगेऱ्याची एक प्रजाती १८८५ साली विज्ञानाच्या दप्तरी नोंदली गेली. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं त्या यादीत दुसऱ्या नावाची भर पडली नाही. मग २०१९ साली एकाच शोधनिबंधात तिथल्या तब्बल १०३ नव्या प्रजाती जाहीर झाल्या. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचे अलेक्झांडर रीडेल आणि इंडोनेशियाचे राडेन प्रमेसा नाराकुसुमो यांनी हे काम केलं. भुंगेरे त्या जंगलात आधीपासूनच होते. बसून ते वेगवेगळे ओळखणारं माणूस मात्र तोवर मिळालं नव्हतं.

कोकणातले बागायतदार माडात शिरणाऱ्या ज्या सोंड्या भुंग्याला घाबरतात, त्याचे हे दूरचे भाऊबंद. लांबी साधारण दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे तिळाएवढी. त्यांना उडता येत नाही. बरेचसे जंगलातल्या पालापाचोळ्यात राहतात आणि धोका जाणवला की पाय आखडून मेल्यासारखे पडतात. उडता येत नसल्यामुळे एका डोंगरावरचा भुंगेरा शेजारच्या डोंगरावर सहसा पोहोचत नाही. लाखो वर्षं अशी गेली की प्रत्येक डोंगराची प्रजाती निराळी होते. म्हणूनच या कुळात एवढी विविधता आहे, आणि एखादी टेकडी उजाड झाली की एखादी प्रजाती कायमची संपण्याची भीतीही आहे.

या चिमुकल्या देहात काय दडलेलं असतं याचा एक नमुना २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. पापुआतल्या ‘ट्रिगोनॉप्टेरस ऑब्लाँगस’च्या पायाच्या सांध्यात कार्ल्सरूहच्या संशोधकांना चक्क नट आणि स्क्रू सापडला. कंबरेकडच्या भागात आतून आटे पाडलेले, पायाच्या पुढच्या भागावर बाहेरून आटे, आणि पाय हलला की एक भाग दुसऱ्यात फिरत जातो. माणसाने स्क्रू बनवण्याच्या कितीतरी आधी भुंगेरा तो वापरत होता.

असा भुंगेरा ‘नवा’ आहे हे ठरवायचं कसं? जंगलातलं काम त्या मानाने सोपं. पाचोळा चाळणीतून चाळायचा, चाळलेला भुगा कापडी पिशवीत टांगून ठेवायचा. भुगा सुकत गेला की त्यातले किडे खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. झुडपांवरच्या किड्यांसाठी खाली कापड धरून फांदी झोडपतात. खरी कसोटी त्यानंतर, टेबलाशी लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली भुंगेरा ठेवून त्याची सोंड, छाती आणि पाठीवरच्या कठीण पंखांची मापं घेतली जातात. पंखांवर बारीक खड्ड्यांच्या ओळी किती, खवले कुठे आहेत, रंग काळा की तांबूस, हे टिपलं जातं. पण बाहेरून दोन प्रजाती हुबेहूब सारख्या दिसू शकतात. अशा वेळी निर्णायक ठरतं ते नराचं जननांग. अगदी जवळच्या प्रजातींमध्येही त्याची ठेवण वेगळी असते. म्हणून त्या इवल्या पोटातून बारीक सुयांनी ते सोडवून काढावं लागतं, तेही न मोडता. भुंगेरा मग कागदाच्या छोट्या त्रिकोणी टोकावर चिकटवतात, त्या कागदातून टाचणी आरपार घालतात आणि टाचणीत चिठ्ठ्या ओवतात. कुठे सापडला, समुद्रसपाटीपासून किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कोणी पकडला, हे सगळं त्या नखाएवढ्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

जोडीला आता डीएनए आहे. पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून भुंगेऱ्यांचे गट पाडता येतात. याला बारकोडिंग म्हणतात. रीडेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली न्यू गिनीतून १०१ नव्या प्रजाती एकदम जाहीर केल्या, त्या याच जोरावर. मोजक्या शब्दांत वर्णन, उत्तम छायाचित्रं आणि डीएनए असा त्यांचा मेळ होता. एवढी नावं आणायची कुठून? त्यांनी पापुआ न्यू गिनीच्या टेलिफोन डिरेक्टरीचं बाड उघडलं आणि तिथल्या लोकांची आडनावं भुंगेऱ्यांना दिली. ज्यांचं जंगल त्यांचंच नाव, हा मान मोठा आहे. सुलावेसीच्या यादीत चित्रकथांतले ॲस्टेरिक्स आणि ओबेलिक्सही आहेत, आणि ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्यासारखा हिरवट रंगाचा एक ‘योडा’सुद्धा. बालीच्या एका प्रजातीला निसर्गपटांचे निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव मिळालं.

नाव ठेवण्याचेही कडक नियम आहेत. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता १७५८ पासूनची नावं ग्राह्य धरते, कारण सजीवांच्या नामकरणाची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या सालची. आधी नियमानुसार छापलेलं नाव सहसा टिकतं. त्यामुळे ‘नवा’ म्हणण्याआधी जुनी वर्णनं धुंडाळून संग्रहालयांतले मूळ नमुने तपासावे लागतात. नव्या प्रजातीसाठी एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून नेमावा लागतो. पुढे कधीही वाद झाला तर निवाडा त्याच्याकडे पाहून होतो.

या तपासणीला माणसं कमी पडतात, आणि बाटल्या कपाटात पडून राहतात. केनियात १९६० च्या दशकात गोळा केलेला, डोळे आणि पंख नसलेला, एक मिलिमीटरहून लहान भुंगेरा लंडनच्या संग्रहालयात होता. मायकेल डार्बी यांनी २०१९ साली हवामान-कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्गवरून त्याला ‘नेलोप्टोडेस ग्रेटे’ नाव दिलं. मध्ये पन्नासहून अधिक वर्षं गेली. आजवर भुंगेऱ्यांच्या चार लाखांच्या आसपास प्रजातींची वर्णनं झाली आहेत, आणि अजून किती बाकी आहेत हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही. असं असताना या कामाला जुनाट, कारकुनी काम समजून अनुदानाच्या रांगेत मागे ढकलणं चूक आहे. ज्याला नावच नाही तो प्राणी कोणत्याही संरक्षित यादीत येत नाही आणि पर्यावरणाच्या अहवालात मोजला जात नाही. त्याचं जंगल तोडताना त्याच्या बाजूने लिहायला कागदावर काहीच नसतं.

आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी प्रजाती सापडली की नेमून दिलेल्या संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली प्रमुख संस्था. तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून वन विभागाच्या परवानगीशिवाय एकही किडा उचलू नये. मात्र परसात किंवा शेतात ओळखू न येणारा भुंगेरा दिसला तर त्याचा वरून आणि बाजूने स्पष्ट फोटो काढावा, आणि गाव, झाड आणि तारीख त्याच वेळी लिहून ठेवावी. या नोंदींशिवाय उत्तमातला उत्तम फोटोही अभ्यासकाच्या फारसा उपयोगी पडत नाही.