अपील केलं म्हणून शिक्षा वाढत नाही

शिक्षा झालेल्या माणसाच्या घरच्यांना हमखास एक सल्ला मिळतो: ‘तीन वर्षांवर भागलंय, गप्प बसा. अपिलात गेलात तर हायकोर्ट सात करेल.’ हा सल्ला चुकीचा तर आहेच, शिवाय घातकही आहे. कारण सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात जायला मुदत साठ दिवसांची, आणि त्यातले बरेचसे या भीतीतच निघून जातात. विलंब माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं. कायदा काय म्हणतो ते सरळ आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 386 आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 427, दोन्हींत एकच गोष्ट लिहिली आहे: दोषी ठरलेल्याच्या अपिलात न्यायालय त्याला सोडू शकतं, फेरसुनावणीचा आदेश देऊ शकतं, शिक्षेचं स्वरूप किंवा प्रमाण बदलू शकतं, मात्र शिक्षा वाढेल असा बदल करू शकत नाही.

‘पण अमक्याची वाढली की!’ वाढली असेल. मग अपील कोणाचं होतं ते विचारा. शिक्षा अपुरी वाटली तर सरकार नव्या संहितेच्या कलम 418 खाली स्वतंत्र अपील करू शकतं, आणि त्यात ती वाढू शकते. म. ह. होसकोट यांच्या प्रकरणात हेच घडलं. बनावट पदवी प्रमाणपत्रं देण्याच्या प्रयत्नाबद्दल त्यांना सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली होती. त्यांनी अपील केलं, सरकारनेही शिक्षावाढीसाठी केलं. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं फेटाळलं, सरकारचं मान्य केलं आणि शिक्षा तीन वर्षांवर गेली. ही वाढ सरकारच्या अपिलामुळे झाली. होसकोट घरी बसले असते, तरी ते अपील चाललंच असतं. उलट सरकार अपिलात आलं की आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी द्यावीच लागते, आणि तिथेच तो निर्दोषत्वही मागू शकतो. गप्प राहण्याने काहीही वाचत नाही.

जाणकार इथे एक खरा आक्षेप घेतात: हायकोर्टाला पुनरीक्षणाचा अधिकार आहे, तो स्वतःहून वापरता येतो, मग मागच्या दाराने शिक्षा वाढणार नाही कशावरून? तसे प्रयत्न झालेले आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने आरोपीच्या अपिलाबरोबरच स्वतःहून पुनरीक्षण सुरू केलं आणि खालच्या कोर्टाने ज्या गंभीर कलमातून त्याला सोडलं होतं, त्याच कलमाखाली दोषी धरलं. 2025 मध्ये ‘नागराजन विरुद्ध तामिळनाडू’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं: सरकार, फिर्यादी किंवा पीडित कोणीच वाढ मागितलेली नसताना, दाद मागायला आलेल्याची स्थिती त्याच्याच अपिलात आणखी वाईट करता येत नाही. यात पीडितावर अन्याय होतो असं म्हणणाऱ्यांचा राग समजतो. पण शिक्षा कमी वाटली तर सरकारने मुदतीत अपील करावं, तो दरवाजा उघडाच आहे. सरकारच्या आळसाची किंमत अपील करणाऱ्याकडून वसूल करणं हा न्याय नव्हे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. अपील दाखल झालं म्हणजे आपोआप सुटका होत नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन वेगळा मागावा लागतो. गुन्हा कबूल केला म्हणून सगळे मार्ग बंद होत नाहीत. सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, यावर अपील करता येतं. वकिलाला पैसे नाहीत, हेही कारण उरलेलं नाही: कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 1987च्या कायद्याने विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. तुरुंगातून अपील करायचं तर अर्ज तुरुंगाधिकाऱ्याकडे द्यायचा, तो कोर्टात पाठवणं त्याचं काम. आणि निकालाची प्रत विनामूल्य मिळते. होसकोट यांना सर्वोच्च न्यायालयात यायला चार वर्षांहून जास्त उशीर झाला होता. प्रत हातीच पडली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची याचिका फेटाळली गेली, तरी 1978च्या त्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी दंडक घातला: प्रत कैद्याला लवकर पोचवायची आणि त्याची लेखी पोच घ्यायची. नातेवाइकांनी तुरुंगात भेटायला गेल्यावर पहिल्यांदा तेवढंच विचारावं, प्रत मिळाली का आणि कोणत्या तारखेला.