एक बाँड, सहा माणसं

जेम्स बाँड हे नाव मुळात एका पक्षीतज्ज्ञाचं. जमैकातल्या ‘गोल्डनआय’ या आपल्या घरी इयान फ्लेमिंग पहिली कादंबरी लिहायला बसला, तेव्हा नायकाला त्याला अगदी साधं, सपक नाव हवं होतं. वेस्ट इंडिजच्या पक्ष्यांवरचं एक पुस्तक जवळ होतं. त्याच्या लेखकाचंच नाव त्यानं उचललं. ‘कसिनो रोयाल’ १९५३ साली आली.

या सपक नावात माणूस भरला तो नटांनी. ‘डॉ. नो’ या चित्रपटासाठी शॉन कॉनरीची निवड फ्लेमिंगला आधी पटली नव्हती. एडिनबरात कधीकाळी घरोघरी दूध घालणारा हा कमावलेल्या अंगाचा गडी त्याच्या कल्पनेतल्या साहेबाशी जुळेना. दिग्दर्शक टेरेन्स यंगनं कॉनरीला आपल्या शिंप्याकडे नेलं, उठण्याबसण्याची रीत शिकवली. १९६२मध्ये चित्रपट आला आणि फ्लेमिंगचं मत पालटलं. इतकं, की पुढे कादंबरीत त्यानं बाँडला स्कॉटिश वडील दिले! पडद्यावरच्या नटानं पानावरच्या नायकाचं कूळ ठरवावं, याहून मोठी दाद कोणती?

बाँडची ती प्रसिद्ध धूनही अशीच दुसरीकडून आली. संगीतकार माँटी नॉर्मननं तिची मूळ चाल नायपॉलांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरच्या संगीतिकेसाठी बांधली होती, त्रिनिदादमधल्या भारतीयांच्या गोष्टीसाठी. पुढे जॉन बॅरीच्या संयोजनात ती गिटारवर वाजली.

जॉर्ज लॅझेनबी एकाच चित्रपटापुरता आला. रॉजर मूरनं सात केले. उदयपूरला चित्रित झालेल्या ‘ऑक्टोपसी’त (१९८३) कबीर बेदी त्याच्याशी उडत्या विमानाच्या टपावर झुंजला. मूरचा बाँड संकटातही मिश्कील, पिअर्स ब्रॉस्ननचा टापटीप. डॅनियल क्रेगची निवड जाहीर झाली तेव्हा त्याच्या सोनेरी केसांवरूनही ओरड झाली होती. त्यानं मार खाणारा, प्रेमात फसणारा, २०२१मध्ये चक्क मरणारा बाँड दिला.

बाँड टिकला तो या बदलांमुळेच, असं मला ठामपणे वाटतं. दर नव्या नटानं आधीच्याची नक्कल केली असती, तर ही मालिका केव्हाच संपली असती.

मात्र क्रेगच्या कठोरपणाचं कौतुक करताना टिमथी डाल्टनला विसरू नये. तसाच थकलेला, धुमसता बाँड त्यानं १९८७ आणि १९८९मध्येच उभा केला होता. त्याचे दोन्ही चित्रपट जरूर पाहा. आधी ‘द लिव्हिंग डेलाइट्स’.