शेवटची ओव्हर कोणाची?

फँटसी टीम लावताना आपण नाव बघतो. बघायला हवं ते काम. आणि क्रिकेटमधलं सगळ्यात अस्थिर काम म्हणजे विसावी ओव्हर!

टीम लावायची वेळ झाली की आपल्या सगळ्यांचं सारखंच होतं. ऑफिसातून निघता निघता मोबाइल काढायचा, टॉसवर नजर टाकायची, ओळखीची नावं भराभर टिक करायची आणि मोकळं व्हायचं. बॅट्समन निवडणं तसं सोपं. ओपनर आहे, फॉर्मात आहे, घेऊन टाक! खरी गोची होते बॉलर्सपाशी, त्यातही डेथ बॉलरपाशी. ज्याच्या भरवशावर आपण टीम लावली, त्याच्या चार ओव्हर्स कधी पंधराव्या ओव्हरलाच संपतात, आणि शेवटच्या ओव्हरला कॅप्टन भलत्याच पोराच्या हातात बॉल देतो. विकेट्स त्याला, पॉइंट्स त्याला, आपण बसतो बघत.

मी मूळचा जानेफळचा. बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका. आता हिंजवडीत नोकरी. गावातल्या टेनिस बॉल क्रिकेटमधले आम्ही आठ जण पुणे, अकोला, नागपूर असे पांगलोय, पण आयपीएल आलं की एकत्र येतो. आमची आठ टीम्सची प्रायव्हेट लीग आहे. मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर लिलाव, दोन महिने हिशेब एक्सेलमध्ये, आणि शेवटी जो तळाला जाईल त्याने सगळ्यांना शेगावची कचोरी खिलवायची. त्या कचोरीवरून आमच्यात जेवढी भांडणं झालीत, तेवढी ऑफिसात अप्रेझलवरूनही होत नाहीत. त्यातली निम्मी भांडणं एकाच प्रश्नावर असतात: शेवटची ओव्हर कोण टाकणार?

अमेरिकेत यावर संसार चालतात

हा प्रश्न फक्त आपल्याला पडतो असं नाही. बेसबॉलमध्ये शेवटी आघाडी राखायला एक खास बॉलर आणतात. त्याला म्हणतात क्लोजर. सुरुवात करणारा पिचर दमला की मधले एकदोघं येतात आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला क्लोजर. अमेरिकेत फँटसी बेसबॉल १९८० पासून खेळलं जातंय. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटच्या नावावरून ‘रोटिसरी लीग’ काढली, तिथून हे वेड पसरलं. त्यांच्या पॉइंट्सच्या तक्त्यात एक रकाना असतो, ‘सेव्ह’. थोडक्यात आघाडी असताना शेवटी येऊन मॅच राखली की क्लोजरच्या खात्यात एक सेव्ह. जेरोम होल्ट्झमन नावाच्या शिकागोच्या पत्रकाराने ही कल्पना काढली आणि १९६९ मध्ये ती अधिकृत आकडेवारीत आली. न्यूयॉर्क यांकीजच्या मारियानो रिव्हेराच्या नावावर असे ६५२ सेव्ह आहेत. त्या जोरावर तो २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, तोही एकमताने, जे त्याच्याआधी कोणालाच जमलं नव्हतं.

पण रिव्हेरासारखी पक्की नोकरी फार थोड्यांची. बाकीच्यांचं काय होतं? दोन वाईट रात्री आल्या की मॅनेजर क्लोजर बदलतो. आणि तो बदलला रे बदलला की तिकडचे फँटसीवाले नव्या माणसावर तुटून पडतात. काल ज्याला कोणी विचारत नव्हतं तो आज सगळ्यांना हवा असतो. गुणवत्ता तीच, हात तोच, फक्त काम बदललेलं असतं.

क्रिकेटमध्ये हेच होतं. फरक इतकाच, की आपल्याकडे ‘सेव्ह’चा रकानाच नाही.

४९ रन्स देणारा हिरो

१२ मे २०१९. हैदराबादला आयपीएलची फायनल, मुंबई विरुद्ध चेन्नई. चेन्नईला हव्यात १५०. मुंबईच्या लसिथ मलिंगाने पहिल्या तीन ओव्हर्समध्ये ४२ रन्स दिल्या होत्या, त्यातल्या २० तर सोळाव्या ओव्हरमध्येच. तरी शेवटची ओव्हर रोहित शर्माने त्यालाच दिली. सहा बॉल, नऊ रन्स. शेवटच्या बॉलला दोन हव्या होत्या, समोर आपला पालघरचा शार्दूल ठाकूर. स्लो यॉर्कर, एलबीडब्ल्यू! मुंबई एका रनने चॅम्पियन.

आता स्कोअरकार्ड बघा. मलिंगा: ४ ओव्हर्स, ४९ रन्स, १ विकेट. ज्यांनी ती मॅच पाहिली नाही, त्यांना वाटेल याने टीमला बुडवलं. पॉइंट्सच्या तक्त्यातही महागड्या इकॉनॉमीची कात्री लागणार ती लागणारच. त्या रात्री मलिंगाने काय केलं, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

याच्या उलट गोष्ट आमच्या विदर्भाची. २० नोव्हेंबर २०२१, दिल्ली, सय्यद मुश्ताक अली ट्रॉफीची सेमीफायनल. विदर्भाच्या दर्शन नळकांडेने कर्नाटकाविरुद्ध विसाव्या ओव्हरमध्ये चार बॉलांत चार विकेट्स काढल्या. लागोपाठ! फँटसीवाल्याला अशा ओव्हरचं स्वप्न पडावं. पण कर्नाटकाच्या तोवर १७६ झाल्या होत्या आणि विदर्भ १७२ वर थांबला. चार बॉलांत चार विकेट्स, आणि टीम चार रन्सनी हरली.

एक पॉइंट्समध्ये मार खाऊन कप जिंकून देतो, दुसरा पॉइंट्सची लयलूट करून हरतो. म्हणून डेथ बॉलर घेताना आधी स्वतःला विचारा, आपल्याला नक्की काय विकत घ्यायचंय?

काम मिळतं कसं, जातं कसं

शेवटच्या ओव्हरची नोकरी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दुखापतीतून मिळते. संदीप शर्माला २०२३ च्या आयपीएल लिलावात कोणी घेतलं नव्हतं. प्रसिद्ध कृष्णा जखमी झाला म्हणून राजस्थानने त्याला बोलावलं. १२ एप्रिलला चेपॉकवर शेवटच्या ओव्हरला २१ राखायच्या होत्या आणि समोर होता धोनी. दोन वाइड पडले, दोन सिक्स बसले, तरी राजस्थान तीन रन्सनी जिंकलं.

विदर्भाकडून खेळणारा यश ठाकूरही असाच. ७ एप्रिल २०२४ ला लखनौचा सगळ्यात वेगवान बॉलर मयंक यादव एक ओव्हर टाकून मैदानाबाहेर गेला. यशने त्या दिवशी गुजरातच्या ३० रन्समध्ये ५ विकेट्स काढल्या. आमच्या लीगमध्ये तो ज्याच्याकडे होता, त्याने त्या रात्री ग्रुपवर कोणाला झोपू दिलं नाही.

आणि काम जातं ते एका ओव्हरमध्ये. ९ एप्रिल २०२३, अहमदाबाद. कोलकात्याला शेवटच्या ओव्हरमध्ये २९ हव्या होत्या. आमच्या नागपूरकडच्या उमेश यादवने पहिल्या बॉलला एक रन काढून स्ट्राइक दिली आणि रिंकू सिंगने पुढचे पाचही बॉल प्रेक्षकांत मारले. बॉलर होता गुजरातचा यश दयाल. सीझन संपल्यावर गुजरातने त्याला सोडलं. बेंगळुरूने डिसेंबरच्या लिलावात त्याच्यासाठी पाच कोटी मोजले, तेव्हा कित्येकांनी कपाळावर हात मारला. १८ मे २०२४ ला बेंगळुरूच्या मैदानावर चेन्नईला प्लेऑफ गाठायला शेवटच्या ओव्हरमध्ये १७ हव्या होत्या. बॉल पुन्हा दयालच्याच हातात. पहिल्याच बॉलला धोनीने ११० मीटरचा सिक्स मारला. दुसऱ्या बॉलला धोनी आउट. पूर्ण ओव्हरमध्ये सात रन्स, आणि बेंगळुरू प्लेऑफमध्ये!

तेरा महिन्यांत एकाच माणसाच्या दोन ओव्हर्स. पहिल्यीवरून त्याची किंमत ठरवणाऱ्यांना दुसरी मिळाली नाही.

अवघड ओव्हर शेवटची नसते

आता सगळ्यात महत्त्वाचा फंडा. २९ जून २०२४ ची बार्बाडोसची फायनल आठवा. दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलांत ३० हव्या होत्या, हातात सहा विकेट्स. रोहितने बुमराला कधी आणलं? विसाव्याला ठेवलं नाही, सोळाव्यालाच आणलं. चार रन्स. सतराव्यात हार्दिकने क्लासेनला काढलं. अठराव्याला पुन्हा बुमरा: दोन रन्स आणि यान्सनची दांडी. तिथे बुमराचा कोटा संपला. अर्शदीपने एकोणिसाव्यात चार दिल्या आणि विसावी हार्दिकने टाकली तेव्हा १६ राखायच्या होत्या. सूर्यकुमारचा तो कॅच, आणि वर्ल्ड कप आपला.

आकडे काय म्हणतात? हार्दिक २० रन्समध्ये ३, बुमरा १८ रन्समध्ये २. पॉइंट्स हार्दिकला जास्त. पण मॅच वळली ती कुठे, हे विचारायचीही गरज नाही. बेसबॉलवाल्यांना हे २०१६ मध्ये चांगलंच दिसलं. क्लीव्हलंडच्या टेरी फ्रँकोनाने प्लेऑफमध्ये आपला सर्वोत्तम राखीव पिचर अँड्र्यू मिलर शेवटपर्यंत न थांबवता मधल्याच इनिंग्जमध्ये उतरवला. जिथे आग लागलीय तिथे पाणी, इतका साधा हिशेब. तिकडच्या कित्येक फँटसी लीग्जमध्ये सेव्हसोबत ‘होल्ड’ही मोजतात, म्हणजे मध्येच येऊन आघाडी टिकवणाऱ्याचे पॉइंट्स.

आमच्या लीगमध्येही आता दोन जादा रकाने आहेत. विसाव्या ओव्हरमध्ये १५ किंवा कमी रन्स राखून मॅच जिंकली तर ‘राखलं’. सोळा ते एकोणीस यातल्या ओव्हरमध्ये सहा किंवा कमी रन्स दिल्या तर ‘अडवलं’. हा दुसरा रकाना आणण्यासाठी आमच्या अकोल्याच्या दादाने दोन तास वाद घातला. त्याचं म्हणणं एकच, “नाव कायले पाह्यतं बे, काम पाह्य ना!”

लिलावाआधी एवढं बघा

ओव्हर्स मोजा. एका बॉलरला चारच मिळतात आणि लागोपाठ दोन टाकता येत नाहीत. दहा ओव्हर्समध्ये ज्याच्या तीन झाल्या, त्याच्याकडून डेथमध्ये एकच मिळणार. ती बहुतेक अठरावी किंवा एकोणिसावी असते.

बेंचही वाचा. २०२३ पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेअर आहे. पहिली बॅटिंग करणारी टीम जादा बॅट्समन खेळवते आणि नंतर बॉलर आत आणते. या नियमाने आत आलेला पहिला खेळाडू आपला कल्याणचा तुषार देशपांडे. त्या सीझनला त्याने २१ विकेट्स घेतल्या. अकरा जणांत नाव नाही म्हणून बॉलर सोडू नका.

घड्याळ बघा. ओव्हर्स वेळेत झाल्या नाहीत तर शेवटी सर्कलबाहेर पाचऐवजी चारच फील्डर ठेवता येतात. अशा वेळी विसावी टाकणाऱ्याचं काही खरं नसतं.

दव विसरू नका. २०२५ पासून रात्रीच्या मॅचमध्ये दुसऱ्या डावात दहाव्या ओव्हरनंतर बॉल बदलून मागायची सोय झाली. ओल्या बॉलने यॉर्कर टाकणाऱ्यांना तेवढाच आधार.

पैसा गेला, खेळ राहिला

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, टीम इंडियाच्या जर्सीवरून तिचं नावही गेलं. आमच्याकडे काहींना वाटलं, आता यात काय मजा? पगार झाला की पहिले हजार-दोन हजार टीमवर लावणारी पोरं मी जवळून पाहिलीत. त्यांना मॅच कधी दिसायचीच नाही, दिसायचा तो फक्त आपला नंबर. एकोणिसाव्या ओव्हरमध्ये चार रन्स देणारा अर्शदीप त्यांच्या लेखी ‘विकेट नाही, वाया गेला’ एवढाच.

कचोरीवर खेळताना मात्र भांडायला वेळ असतो. कोणी काय अडवलं, कोणी काय राखलं, यावर आठ जण रात्री एकपर्यंत बोलत बसतात. त्यात कधीतरी विषय ऑफिसवर येतोच. रिलीजच्या आदल्या आठवड्यात बग शोधून प्रोजेक्ट वाचवणारा कोण, आणि शुक्रवारी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देऊन टाळ्या घेणारा कोण? तुमच्या टीममध्येही एखादा सोळाव्या ओव्हरचा बॉलर असेल. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्याच्यासाठी रकाना नसतो.

आमचा लिलाव पुन्हा मार्चमध्ये. मी कोणावर बोली लावणार ते इथे सांगणार नाही, कारण बाकीचे सातही जण हे वाचतात. एवढंच सांगतो, यंदा माझ्या यादीत नावांच्या आधी ओव्हर्सचे आकडे लिहिलेत.